परके हृदय

‘ए’ गटाच्या माणसाला ‘बी’ गटाचे रक्त का चालत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. तांबड्या पेशींवरील प्रतिजन वेगळे असतात, म्हणून. अवयवाच्या बाबतीत हाच प्रश्न कितीतरी गुंतागुंतीचा होतो. त्याची किंमत पहिल्या हृदयरोपण रुग्णांनी मोजली.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांच्या छातीत एका अपघातग्रस्त तरुणीचे हृदय बसवले. हृदय उत्तम चालले. पण शरीराने ते झिडकारू नये म्हणून औषधांचा आणि किरणांचा जो मारा केला, त्याने प्रतिकारशक्ती लुळी पडली आणि १८ दिवसांनी रुग्ण न्यूमोनियाने दगावला. जानेवारी १९६८ मधील दुसरे रुग्ण, दंतवैद्य फिलिप ब्लायबर्ग, १९ महिने जगले. शवविच्छेदनात जे दिसले ते चक्रावून टाकणारे होते. हृदय २४ वर्षांच्या तरुणाचे, पण त्याच्या रोहिण्या म्हाताऱ्या माणसासारख्या चरबीने दाटलेल्या! आमच्या मते हा अहवाल पहिल्या शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा आहे.

फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्या वर्षी जगभरात सुमारे १०० रोपणे झाली, बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत गेले आणि बहुतेक रुग्णालयांनी हा नाद सोडला. स्टॅनफर्डच्या डॉ. नॉर्मन शमवे यांनी सोडला नाही. (बर्नार्ड यांनी वापरलेली टाके घालण्याची पद्धतही मुळात शमवे आणि लोअर यांचीच!)

मग ऊती जुळवूनच रोपण का करू नये? पांढऱ्या पेशींवरील पहिला असा प्रतिजन पॅरिसमध्ये झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये वर्णिला होता. या एचएलए प्रतिजनांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात. एक संच आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक. मूत्रपिंड भावाकडून घेता येते, हृदय कसे घेणार? शिवाय काढलेले हृदय साधारण ४ तासांत बसवावे लागते. त्यामुळे आजही मुख्यतः रक्तगट, देहाचा आकार आणि रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीच आहेत का, एवढेच पाहतात. हायडेलबर्गच्या गेरहार्ड ओपेल्झ यांनी १९९४ मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले, की प्रतिजन जितके अधिक जुळतात तितके रोपण अधिक टिकते. पण दाता निवडायला सवड असते कुठे?

वाट निघाली ती दुसऱ्याच बाजूने. नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. ते लिम्फपेशींना आवरते, पण अस्थिमज्जेला फारसे दुखवत नाही (मूत्रपिंडांना मात्र त्रास देते). १९८० पासून स्टॅनफर्डमध्ये ते हृदयरुग्णांना मिळू लागले. आज निम्म्याहून अधिक रुग्ण दहा वर्षांपलीकडे जातात.

ब्लायबर्ग यांचा आजार मात्र गेलेला नाही. परक्या हृदयाच्या रोहिण्यांचे अस्तर वर्षानुवर्षे जाड होत जाते. काढताना हृदयाच्या मज्जा तुटलेल्या असतात, त्यामुळे रक्त अडले तरी बहुतेकांच्या छातीत कळ येत नाही. म्हणून ठरावीक काळाने नळी घालून आत पाहावेच लागते.