प्रचार, तमाशा आणि अण्णाभाऊ साठे यांची घडण

आजच्या नकाशात कोरेगाव तालुका सातारा जिल्ह्यात व वाळवा तालुका सांगली जिल्ह्यात दिसतो. १९४९ पूर्वी हे दोन्ही तालुके एकाच विस्तीर्ण सातारा जिल्ह्याचे घटक होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत या जिल्ह्यात सत्यशोधक जलशांचा मोठा जोर होता. महात्मा फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या समाजाचे विचार जलसेकारांनी तमाशाच्या सांगाड्यात बसविले. ढोलकी व सोंगाड्याचा हजरजबाबीपणा कायम राहिला, आशय तेवढा पालटला. वाटेगाव (तालुका वाळवा) येथे १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले अण्णाभाऊ साठे याच प्रदेशाचे अपत्य होत, ही गोष्ट त्यांच्या वाङ्मयाची चर्चा करताना पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.

मांग समाजातील या मुलाचे शाळेशी असलेले नाते दीड दिवसातच संपले, असे सांगतात. पुढे अकरा-बारा वर्षांचा असताना तो वडिलांबरोबर पायी मुंबईस गेला. तेथे दुकानांवरील पाट्या व चित्रपटांच्या जाहिराती न्याहाळून त्याने अक्षरओळख करून घेतली, असे चरित्रकार नोंदवितात. ही नोंद सहसा जिद्दीचा दाखला म्हणून दिली जाते. तिचा खरा अर्थ मात्र वेगळा असावा. जाहिरात हेच ज्याचे अंकलिपीचे पुस्तक, त्याला अक्षर प्रथमपासून भेटले ते कोणास तरी बोलावण्याचे, काही तरी पटविण्याचे साधन म्हणून. गावी परतल्यावर तो नात्यातील बापू साठे यांच्या तमाशात रमला. क्रांतिसिंह नाना पाटील यांची रांगड्या बोलीतील भाषणेही त्याने ऐकली.

येथे एका शब्दाचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. युरोपीय भाषांतील ‘प्रोपगँडा’ हा शब्द १६२२ साली रोम येथे धर्मप्रसारार्थ स्थापन झालेल्या मंडळाच्या नावातून आला व पुढे बदनाम झाला. मराठीतील ‘प्रचार’ मूळचा निरुपद्रवी. ‘प्रचारातला शब्द’ म्हणजे रूढ शब्द, असे आपण आजही म्हणतो. निंदा चिकटली ती ‘प्रचारकी’ या रूपाला. वस्तुतः पाटीलकी, मास्तरकी यांतील ‘की’ हा प्रत्यय पेशा दाखवितो. अण्णाभाऊंना ‘प्रचारकी’ म्हणणाऱ्या समीक्षकांनी नकळत त्यांच्या पेशाचेच नाव उच्चारले!

हा पेशा १९४४ साली स्थिर झाला. अमर शेख व दत्ता गव्हाणकर यांच्यासह त्यांनी कम्युनिस्ट पक्षाच्या छायेत लाल बावटा कलापथक उभारले. तत्पूर्वीच त्यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला होता. यातील विसंगती झाकण्याचे कारण नाही. पक्षाने १९४२ च्या लढ्याला विरोध केला होता आणि अण्णाभाऊंच्या जन्मजिल्ह्यात तर १९४३ पासून प्रतिसरकार उभे राहिले होते. जवळचा रणसंग्राम सोडून दूरचा गाण्याची ही किंमत प्रचारकाला पक्षशिस्तीपायी मोजावी लागते.

तथापि पक्षाने त्यांना आशय दिला, रूप नव्हे. रूप वाटेगावचे होते. गणातील गणेशवंदनेच्या जागी त्यांनी मातृभूमी, श्रमिक व हुतात्मे यांना वंदन केले आणि गौळण वगळली. बतावणी व वग यांची चाल मात्र राखली. स्वातंत्र्योत्तर काळाच्या आरंभी मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले, तेव्हा ‘लोकनाट्य’ या नावाने हेच रूप पुन्हा रंगमंचावर आले. सरकारी कागदाला नाव पुरते, श्रोत्याला ढोलकी!

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड गाजली. मुंबईत पोटासाठी आलेल्या गड्याचा विरह हा लावणीचा जुनाच विषय. गावी राहिलेल्या त्या मैनेच्या ठायी त्यांनी महाराष्ट्राबाहेर ठेवला गेलेला बेळगाव, कारवार, निपाणीचा मुलूख उभा केला. वाटेगावी मैना सोडून गिरणीत आलेल्या श्रोत्याला या राजकारणाचा निराळा अर्थ सांगावा लागला नाही.