घोरणं, हवा आणि बीपी

आमच्या सातारा-सांगलीकडे घोरणाऱ्याला 'काय गाढ झोपलाय!' म्हणतात. पण स्लीप ॲप्निया असेल तर घसा मिटतो, श्वास अडकतो, शरीर दचकतं आणि बीपी चढतं, रात्रीत कित्येकदा. पूर्वी गंभीर रुग्णाच्या गळ्याला भोक पाडणं हाच खात्रीचा उपाय. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकातून दाबाची हवा सोडून पाच रुग्ण बरे झोपवल्याचं प्रसिद्ध केलं. सुरुवातीचं यंत्र व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालायचं! (जुगाड फक्त आपलाच नाही मंडळी.) २००४ साली मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉ. झरीर उदवाडियांच्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना हा आजार निघाला. बीपी मात्र यंत्राने सरासरी २-३ अंकच उतरतं, म्हणून गोळ्या सोडू नका. तीन-तीन गोळ्यांनाही बीपी दाद देत नसेल, तर डॉक्टरांना घोरण्याबद्दल जरूर सांगा.