जत्रा, शिकार, सफारी : चांद्याच्या जंगलवाटा

मोहर्लीच्या गेटातून आत शिरलेली जिप्सी ताडोबा तलावाकडे निघाली की रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतराने जुने दगडी खांब दिसू लागतात. पहाटेच्या गारठ्यात कानाला मफलर गुंडाळून बसलेल्या पर्यटकांची नजर धुळीतल्या पगमार्कवर असते, त्यामुळे बहुतेकांच्या ते ध्यानातही येत नाहीत. गाईडने दाखवले तरच कळतं, की हे खांब गोंड राजांच्या काळचे. राजाची स्वारी चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपूरहून, जंगलाकडे निघाली की या खांबांवरून ओढलेल्या दोराने पुढच्या मुक्कामी वर्दी पोहोचायची, असं इथल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पाणी कुठे, डेरा कुठे, हाताशी माणसं किती, याची जुळवाजुळव स्वारी येण्याआधी व्हायला हवी होती.

म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात हौसेने जाणं आणि त्यासाठी आधीपासून बेत आखणं, ही ऑनलाइन बुकिंगबरोबर आलेली गोष्ट नाही. या सहलींना काही शतकांचा इतिहास आहे. सहलीला निघणारा दर काळात बदलत गेला. वाट दाखवणारा, सामान वाहणारा आणि रान वाचू शकणारा माणूस मात्र प्रत्येक वेळी इथल्याच गावातला होता.

गोंड राजांची राजधानी आधी सिरपूर, मग बल्लारपूर आणि शेवटी चंद्रपूर. चंद्रपूर वसवण्याचं श्रेय परंपरेने खांडक्या बल्लाळशाहाला दिलं जातं. पण या जंगलात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वाटेने माणसांना आणणारं नाव राजाचं नाही. ते आहे तारूचं. तारू हा गोंडांचा एक गावप्रमुख. वाघाशी झुंजताना त्याला मरण आलं आणि लोकांनी त्याचा देव केला, अशी कथा आहे. तलावाकाठी, झाडाच्या सावलीत त्याचं ठाणं आहे. पौषात तिथे जत्रा भरायची. आसपासच्या गावांतून बैलगाड्या जोडून, शिधा बांधून कुटुंबंच्या कुटुंबं तलावाशी उतरायची. आज देशभर गाजलेलं ताडोबा हे नाव याच देवाचं. ज्याच्या नावाने हा व्याघ्रप्रकल्प ओळखला जातो, त्याच्या ठाण्यापर्यंत जायला त्याच्याच लेकरांना आता वन विभागाची परवानगी लागते. प्रकल्पाच्या कोणत्याही माहितीपत्रकात पहिलं पान या जत्रेला मिळायला हवं.

१७५१ मध्ये गोंडांचं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जंगलाची सगळी मांडणी बदलली. मध्य प्रांतात वन खातं उभं राहिलं, १८७८ चा वन कायदा आला, राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या. लाकडाबरोबर शिकारीचाही हिशेब सुरू झाला. जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडले. ज्याला शिकार करायची त्याने वन अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक मिळवायचा, कोणतं जनावर मारता येईल ते परवान्यावर लिहून घ्यायचं आणि वन खात्याच्या विश्रामगृहात खोली राखून ठेवायची. आजच्या सफारीचं गेट, शिफ्ट आणि परमिट यांचं मूळ या ब्लॉकच्या वहीत आहे.

शिकारीचा एक दिवस कसा जायचा? आदल्या रात्री गावकऱ्यांनी ओळखीच्या वाटेवर हेला बांधायचा. वाघाने तो मारला की पहाटे कुणीतरी धावत विश्रामगृहावर खबर आणायची. दुपारच्या आत गावातले पन्नास-शंभर बाप्ये गोळा करायचे, डबे-ढोल घेऊन रानाला अर्धवर्तुळात वेढा घालायचा आणि रान उठवत उठवत वाघाला मचाणाच्या दिशेने न्यायचं; हाच हाका. मचाणावर बंदूक साहेबाची. जमिनीवर हातात काठी घेऊन वाघासमोर चालणारा माणूस गोंड किंवा माना. बऱ्याचदा हे काम मजुरीवर नव्हे, बेगारीवर चाले. साहेबाला दूध, कोंबडी, चारा पुरवायचा तोही गावानेच. मध्य प्रांतातल्या शिकारकथांची इंग्रजी पुस्तकं विलायतेत आवडीने वाचली गेली. त्यांत वाघाच्या लांबीचं माप इंचापर्यंत असतं, पण हाक्यात जखमी झालेल्या गावकऱ्याचं नाव क्वचितच सापडतं.

१९३५ साली ताडोबा परिसरात शिकारीला बंदी झाली. देशात वाघाच्या कातड्याला मान होता त्या काळात हा निर्णय झाला, ही मोठी गोष्ट. त्यानंतर २० वर्षांनी, १९५५ मध्ये, ११६.५५ चौरस किलोमीटरचं ताडोबा राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि उद्यानही बरोबर आलं. महाराष्ट्राचं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्र राज्यापेक्षा पाच वर्षांनी मोठं आहे.

उद्यानाबाहेरच्या जंगलात मात्र बंदुका चालूच होत्या. किंबहुना स्वातंत्र्यानंतर शिकार हा रीतसर पर्यटनाचा धंदा झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९५१ मध्ये पदवी घेतलेल्या विद्याचरण शुक्ला यांनी अ‍ॅल्विन कूपर नावाची कंपनी काढली. ती मध्य भारताच्या जंगलांत शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या सफरी आखून देई. पुढे हेच शुक्ला केंद्रात मंत्री झाले. शिकार आणि कॅमेरा एकाच कंपनीच्या यादीत असण्याचा तो काळ होता. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि यादीत फक्त कॅमेरा उरला.

वैनगंगेच्या पलीकडे गोष्ट वेगळी घडली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाचा. तिथे बाहेरचा माणूस गेला तो सागवानासाठी. आलापल्ली आणि अहेरीच्या सागाची ख्याती इंग्रजांच्या आधीपासूनची. ओंडके ओढायला वन खात्याने हत्ती ठेवले आणि त्यांचाच पुढे कमलापूरला कॅम्प झाला. राज्यातला हा एकमेव सरकारी हत्तीकॅम्प. यंत्रं आली, हत्तींचं काम संपलं, पण माहूत आणि हत्ती तिथेच राहिले आणि लोक त्यांना बघायला येऊ लागले. २०२२ मध्ये हे हत्ती गुजरातला हलवण्याची हालचाल झाली तेव्हा स्थानिकांनी कडाडून विरोध केला. त्याच्या काही महिने आधी, २०२१ च्या ऑक्टोबरात, छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला होता. कॅम्पमधल्या हत्तीला नारळ देणारी माणसं आणि कळपाने तुडवलेलं धान पाहून कपाळाला हात लावणारी माणसं, दोन्ही आता एकाच जिल्ह्यात आहेत.

कुऱ्हाड चालवणाऱ्या खात्यानेच आलापल्लीजवळ सुमारे सहा हेक्टरचा एक तुकडा १९५३ पासून न तोडता राखला. त्याला वनवैभव म्हणतात. २०१४ मध्ये त्याला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. सदाहरित वर्षावन विदर्भात नाही. पण मोठमोठ्या सागांचे बुंधे, त्यांवर चढलेल्या वेली, खाली कुजलेल्या पाल्याचा थर आणि भर उन्हातही टिकलेला ओलावा पाहायचा असेल तर या वनवैभवातून पायी फिरावं. तिथे जिप्सी लागत नाही.

पाहायला नव्हे, राबायला येणाऱ्यांचीही एक वाट या जंगलात आहे. मूलजवळच्या सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली. पुण्या-मुंबईची कॉलेजातली मुलं भर मे महिन्यात कुदळ-फावडं घेऊन तिथे उतरू लागली. १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. गडचिरोलीचं नाव मराठी घराघरांत पोहोचलं ते बरंचसं या वाटेने. वाघ न दाखवताही जंगल माणसाला कायमचं बांधून ठेवू शकतं, याचा हा पुरावा आहे.

इकडे ताडोबात १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प. गाभ्यातली गावं हलवायला सुरुवात झाली. बोटेझरी गेलं, कोळसा गावातली काही कुटुंबं गेली, नंतर नवेगाव आणि जामणी. आज जामणीचं कुरण हे सायटिंगसाठी प्रसिद्ध ठिकाण आहे. चितळांचे कळप चरताना दिसतात ती जमीन कुणाची तरी शेती होती आणि त्या शेतीच्या कडेला कुणाचं तरी अंगण होतं. पर्यटकाला हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

२४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवलं. त्यावर पोट असलेले गाईड, जिप्सीवाले, खानावळवाले हवालदिल झाले. १६ ऑक्टोबरला बंदी उठली ती नव्या नियमांसह : गाभ्याच्या २० टक्क्यांहून जास्त भागात पर्यटन नको, बाकी भार गाभ्याभोवतीच्या बफर पट्ट्याने घ्यावा. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा अशी बफरची गेटं नावारूपाला आली ती यानंतरच्या काळात. गाईड गावातलाच हवा असा दंडक असल्याने घरात थोडा रोख पैसा येऊ लागला. मोहर्लीकडच्या बायकाही गाईडचा गणवेश घालून जिप्सीत बसल्या. एखाद्या वळणावर त्या हात वर करून इंजीन बंद करायला लावतात. ‘कॉल चालू आहे,’ एवढंच सांगतात. लांबवर सांबर ओरडतं, मग वानर. पर्यटकाला आवाज ऐकू येतो. गाईडला त्यातून वाघ कुठून कुठे चाललाय ते कळतं. आजोबांनी हाक्यात वापरलेली विद्या नातीच्या हाती पगारासह आली, हा या इतिहासातला सर्वांत चांगला बदल आहे.

पण वाघ वाढले, ते बफरमध्येही आले, आणि किंमत गावं मोजताहेत. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मे हाच पाणवठ्यावर वाघ दिसण्याचा आणि म्हणून सफारीचा भर हंगाम. मे हाच तेंदूचाही हंगाम. एकाच रानात एकजण वाघ दिसावा म्हणून पैसे भरतो आणि दुसरा पोटासाठी जीव मुठीत धरून जातो.

चांदा ते बांदा म्हणतात ना, तर बांद्याकडेही हाच पेच आहे. मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ वाचवण्यासाठी १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं. मासेमारांचा विरोध राहिला. आज तिथे स्नॉर्कलिंगला पर्यटक नेणारी बरीच पोरं कोळ्या-गाबितांचीच आहेत. निसर्ग ज्यांच्या दारात आहे त्यांना त्याच्या मिळकतीत आणि निर्णयातही वाटा दिला नाही, तर राखण होत नाही. निर्णयातला वाटा कसा असतो हे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने दाखवलं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. ताडोबाच्या बफरमधल्या गावांना गाईडच्या रोजंदारीपलीकडे असा हक्क अजून पुरेसा मिळालेला नाही. तो मिळायला हवा.

पुढच्या सुट्टीत ताडोबाचा बेत ठरवणाऱ्यांनी एवढं करावं : एक सफारी बफरमधून घ्यावी, मुक्काम शक्यतो गावातल्या घरी करावा, गाईडला खांबांची आणि तारूची गोष्ट विचारावी, आणि एक दिवस वाढवून चंद्रपूरहून आष्टीमार्गे आलापल्ली गाठावी.