गोळीमागची मुंबईची गोष्ट

मैत्रिणींनो, गरोदरपणी आपल्याला लोह-फॉलिकची गोळी मिळते. तिच्यातल्या फॉलिकचा शोध मुंबईतून सुरू झाला. १९२८ साली डॉक्टर लुसी विल्स इंग्लंडहून इथं आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त कमी व्हायचं, काही दगावायच्या. लुसीबाईंनी त्यांचा आहार तपासला आणि यीस्टचा अर्क देऊन पाहिला. रक्त भरून आलं! अर्कातलं हे जीवनसत्त्व १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. लहान आतडं ते शोषतं, रक्त ते हाडांतल्या मगजापर्यंत नेतं आणि तिथं तांबड्या पेशी तयार होतात. आपण मात्र भाजी उकडून पाणी ओतून देतो. जीवनसत्त्वही त्याबरोबर जातं. ते पाणी आमटीत घालूया, गोळी चुकवायची नाही.