पांडा, लाल व मोठा

पांडा : मांसाहारी गणातील, पण मुख्यतः बांबूवर जगणाऱ्या दोन वेगवेगळ्या प्राण्यांचे सामाईक नाव. लाल पांडा (आयलुरस फुल्जेन्स) हा आयलुरिडी कुलाचा आज उरलेला एकमेव वंश. रॅकून, स्कंक, पाणमांजर हे त्याचे त्यातल्या त्यात जवळचे भाऊबंद. मोठा पांडा (आयलुरोपोडा मेलॅनोल्यूका) हे अस्वल आहे.

नाव व वर्गीकरण : ‘पांडा’ हे नाव मूळचे लाल पांड्याचे, थोरल्याला ते मागाहून मिळाले. नाव नेपाळीतून आले असावे, पण व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. लाल पांड्यावरचा निबंध टॉमस हार्डविक यांनी लंडनच्या लिनीअन सोसायटीपुढे १८२१ मध्ये वाचला; तो छापून येईपर्यंत १८२७ उजाडले. दरम्यान १८२५ मध्ये फ्रेडेरिक क्यूव्ह्ये यांनी वर्णन प्रसिद्ध केल्याने नामकरणाचा मान त्यांच्याकडे गेला. मोठ्या पांड्याला फ्रेंच मिशनरी अर्मां दाव्हिद यांनी १८६९ मध्ये अस्वलांत घातले. पुढच्याच वर्षी आल्फाँस मिल्न-एडवर्ड्स यांनी हाडे व दात तपासून त्याला लाल पांड्याच्या शेजारी बसवले. आयलुरोपोडा या नावात आयलुरस अजून डोकावतो. हा घोळ शतकभर चालला. डी. ड्वाइट डेव्हिस यांचा १९६४ चा शरीररचनेवरील ग्रंथ आणि १९८५ मधील रेणवीय पुरावे यांनंतर दाव्हिद यांचेच म्हणणे खरे ठरले.

खोटा अंगठा : दोघांच्या पंजाला पाच बोटे आणि शिवाय एक ‘अंगठा’ असतो. तो बोट नव्हेच. मनगटाच्या आतल्या बाजूचे एक छोटे हाड वाढून त्याचा टेकू झालेला असतो व बोटे त्यावर मिटून बांबू धरला जातो. मोठ्या पांड्यात हे हाड ठसठशीत, लाल पांड्यात बेताचे. हे साम्य वारशाने आलेले नाही. स्पेनमधील बताल्योनेस येथे सापडलेला सिमोसायन हा लाल पांड्याच्या कुलातला प्राणी मांस खाणारा होता, तरीही त्याच्या मनगटात हेच हाड वाढलेले आढळले (२००६). तेव्हा या शाखेत ते आधी झाडावर चढण्यासाठी आले आणि बांबूच्या कामी नंतर लागले, असा अर्थ लावतात. या एका हाडासाठी दोन्ही प्राणी एकाच नोंदीत घेणे योग्य वाटते.

आहार : सिचुआनच्या डोंगरांत दोघे एकाच बांबूवर जगतात, पण खाण्याची तऱ्हा निराळी. मोठा पांडा बूड टेकून बसतो, दांडा आडवा धरतो आणि ऊस सोलावा तशी दातांनी साल काढून आतला भाग फोडतो. लाल पांडा पडलेल्या ओंडक्यावर किंवा झुडपावर चढून फांदी ओढतो व मेथी निवडावी तशी कोवळी पाने वेचतो. मांसाहाऱ्याचे आखूड आतडे दोघांनाही असल्याने बांबूचा फारच थोडा भाग अंगी लागतो. मोठ्या पांड्याचे दिवसाचे दहा-बारा तास खाण्यातच जातात.

आकार व पिले : लाल पांडा साधारण ३ ते ६ किग्रॅ., शेपूट लांब व वलयांकित. मोठा पांडा सहज १०० किग्रॅ., शेपूट आखूड. नवजात पिले मात्र दोघांची जवळजवळ सारख्याच वजनाची, शंभर-सव्वाशे ग्रॅमची असतात.

वर्तन : दोघेही एकलकोंडे.

प्रसार व स्थिती : मोठा पांडा फक्त चीनमध्ये (सिचुआन, शान्शी, गान्सू) आढळतो; २०१४ पर्यंतच्या गणतीत रानातले १,८६४ भरले व २०१६ मध्ये त्याला ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘असुरक्षित’ वर्गात आणले गेले. लाल पांडा नेपाळ, भूतान, भारत, म्यानमार व चीन येथे असून २०१५ पासून ‘संकटग्रस्त’ आहे. भारतात तो सिक्कीमचा राज्यप्राणी. अरुणाचल प्रदेशात व दार्जिलिंगच्या डोंगरांतही सापडतो. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिउद्यानात वाढवलेल्या दोन माद्या २००३ मध्ये सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आल्या. हिमालयी व चिनी लाल पांडे या दोन जाती की उपजाती, यावर मतभेद आहेत.