अनंताहून मोठा अनंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संत्र्यांचे दोन ढीग समोर आहेत आणि मोजणे तर येत नाही. मोठा कोणता, हे कसे ठरवाल? या ढिगातले एक, त्या ढिगातले एक, असे जोडीने बाजूला काढत जायचे. ज्यातली संत्री उरतील तो मोठा. आमच्या कळमेश्वरकडे संत्र्यांना तोटा नाही, म्हणून संचांची तुलना मी अकरावीच्या मुलांना अशीच शिकवतो. पण ढीग न संपणारे असतील तर?

हा प्रश्न हाताळणारा एक जुना ग्रंथ विदर्भातूनच छापून बाहेर आला. आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकात ‘षट्खंडागम’ या जैन आगमावर ‘धवला’ ही टीका लिहिली. तिच्या ताडपत्रांवरच्या प्रती कर्नाटकात मूडबिद्रीला जपलेल्या होत्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हीरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले आणि १९३९ साली अमरावतीहून पहिला खंड निघाला. पुढे एकूण सोळा झाले! चौथ्या खंडात, १९४२ साली, लखनौचे गणिती डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लेख लिहिला.

धवलेत संख्यांचे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे वर्ग आहेत, आणि अनंताचेही प्रकार आहेत. भूतकाळाचा एक क्षण आणि एक जीव असे जोडीने काढत गेल्यास क्षण संपतात, जीव उरतात. म्हणून जीवांची राशी मोठी, असा तिथला युक्तिवाद. हजार वर्षांपूर्वी अनंतांची अशी तुलना करणे ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही ‘संचशास्त्र आपलेच’ असे कोणी म्हटले की मी थांबवतो. १, २, ३... या संख्या आणि २, ४, ६... या समसंख्या घ्या. २ ला २, ४ ला ४ जोडले तर विषम संख्या उरतात. १ ला २, २ ला ४, ३ ला ६ जोडले तर काहीच उरत नाही! म्हणजे एका जोडणीत उरले, एवढ्याने अनंत मोठा ठरत नाही. प्रत्येक जोडणीत उरते, हे दाखवावे लागते.

ते जर्मनीत गेऑर्ग कॅन्टरने १८७४ साली दाखवले. १८९१ मध्ये त्याने दिलेली युक्ती फारच सोपी आहे. ० आणि १ यांच्यामधल्या सगळ्या दशांश संख्यांची यादी केल्याचा कोणी दावा केला, तर पहिल्या संख्येचा पहिला अंक पाहा, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा. तो ५ असेल तर ६ लिहा, नसेल तर ५. तयार होणारी संख्या यादीतल्या प्रत्येक संख्येहून एका जागी तरी वेगळी असते. ती यादीत जोडून घेतली, तरी नव्या यादीतून पुन्हा एक निसटतेच.