खापरी नळ, तारमास्तर आणि वाड्यातलं वाय-फाय

"घरात वाय-फाय सगळीकडे पोचत नाही रे, काय घेऊ?" नगरकडच्या मित्रमंडळींकडून हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडातून नगरच येतं.) कारण सरळ आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्या-मुंबईचे आयटीवाले लॅपटॉप घेऊन घरी गेले, आणि इथूनही काम होऊ शकतं हे त्यांना कळलं. तेव्हापासून महिन्यातले काही दिवस आई-वडिलांजवळ राहावं असं अनेकांना वाटतं. पण पुढच्या खोलीत जोरात धावणारं नेट मागच्या खोलीत मान टाकतं. दोन मीटिंगांमध्ये आवाज तुटला की मंडळी मुकाट्याने हिंजवडीची बस पकडतात. म्हणजे घरी राहायचं की नाही हे एका भिंतीवर ठरतं! तेव्हा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

आता बाजारात रिपीटर आहे, मेश आहे, साधी वायर आहे. निवडायचं कसं? मला वाटतं, ऑनलाइन खरेदी करण्याआधी थोडा इतिहास बघावा. "लांब पोचवायचं कसं" हा प्रश्न आपल्याच भागात फार जुना आहे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशाहाने नगर वसवलं. शहर वाढलं तसं पाणी लागलं. मग निजामशाहीत आसपासच्या उंचावरच्या गावांकडून, कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून, जमिनीखालून खापरी नळ टाकून पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. त्याने सतराव्या शतकाच्या सुरवातीला खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरी बांधली. पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजहून पुण्यात पाणी आणलं, तेही असंच.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. लांबचं अंतर पाणी बंद नळातून यायचं, वाटेत फारसं न सांडता. वाटप व्हायचं ते शेवटी, हौदावर. वाहून नेणं वेगळं आणि वाटणं वेगळं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरी गोष्ट, तारेची. १८५५ च्या फेब्रुवारीत भारतात तारसेवा जनतेसाठी खुली झाली. मुंबई-कलकत्ता तार आग्र्यामार्गे जायची. एवढ्या अंतरात विद्युतप्रवाह क्षीण होतो, त्यामुळे मधल्या ठाण्यांवर तारमास्तर बसलेले असत. मागून आलेली कटकट ऐकायची, मजकूर उतरवायचा आणि पुढच्या तारेवर पुन्हा वाजवायचा. समजा एखाद्या ठाण्यावर एकच मास्तर आहे. तो ऐकत असताना पाठवू शकत नाही आणि पाठवत असताना ऐकू शकत नाही. म्हणजे त्याचा निम्मा वेळ ऐकण्यात, निम्मा सांगण्यात. आणि मागून येणारी कटकटच त्याला नीट ऐकू येत नसेल, तर तो पुढे काय वाजवणार, कपाळ?

मंडळी, बाजारात मिळणारा स्वस्तातला वाय-फाय रिपीटर म्हणजे हाच एकटा तारमास्तर आहे.

आपल्याला वाटतं की रिपीटर म्हणजे लाउडस्पीकर, आवाज मोठा करून पुढे टाकतो. तसं नाही. तो प्रत्येक पॅकेट पूर्ण ऐकून घेतो आणि पुन्हा पाठवतो, तेही त्याच चॅनेलवर. वाय-फायचा पहिला कायदाच असा की एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं. (गंमत म्हणजे १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने सुरू केलेल्या अलोहानेटमध्ये केंद्राकडे जायची फ्रिक्वेन्सी वेगळी होती आणि केंद्राकडून यायची वेगळी. १९९७ साली ८०२.११ हे मानक आलं, त्यात सगळे एकाच चॅनेलवर रांगेत.) त्यामुळे रिपीटरच्या जागी साठ एमबीपीएस येत असतील, तर त्याच्या पुढे तीसच्या आसपास उरतात. वर उशीरही वाढतो, आणि व्हिडिओ कॉलला वेगापेक्षा उशीरच जास्त छळतो.

यावरून दोन गोष्टी आपोआप निघतात. एक, रिपीटर जिथे नेट पोचत नाही त्या खोलीत लावू नये. त्यालाच ऐकू येत नाही! तो राउटर आणि त्या खोलीच्या मध्ये, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावायचा. दोन, रिपीटरला रिपीटर जोडू नये. प्रत्येक मास्तर आपला वाटा कापतो.

मग मेश? दोन-तीन डबे एकाच नावाने घरभर. चांगली सोय आहे, पण डब्यांच्या आपसातल्या गप्पा कशावरून चालतात ते विचारा. २०१६ मध्ये नेटगिअरने ऑर्बी आणला, त्यात या गप्पांसाठी वेगळा रेडिओ होता, म्हणजे ठाण्यावर दुसरा मास्तर नेमला. असा वेगळा रेडिओ नसलेला स्वस्त मेश हा सुबक कपड्यातला रिपीटरच.

आणि तिसरा पर्याय, खापरी नळ. म्हणजे इथरनेटची वायर! राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ केबल आणि तिथे एक अॅक्सेस पॉइंट. पडून असलेला जुना राउटरही अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला की चालतो. वाहून नेणं तारेत, वाटणं हवेत. वेग निम्मा होत नाही. खोडदची जीएमआरटी दुर्बीण आठवा, आळेफाट्यापासून फार लांब नाही. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणारे रेडिओ तरंग पकडणारी ही यंत्रणा, पण डिशपासून मुख्य इमारतीपर्यंत सिग्नल येतो तो ऑप्टिकल फायबरमधून. रेडिओतले एवढे जाणकारही शेवटी नळच टाकतात :-)

आता प्रत्यक्ष निवड. आधी राउटरशेजारी उभं राहून वेग मोजा. तिथेच रडतोय तर दोष लाइनचा, कुठलाही डबा घेऊ नका. मग राउटरची जागा बदलून बघा, हे फुकट आहे. वाड्याच्या दीड-दोन फुटी दगडमातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ जातच नाही, २.४ थोडं जातं. पण वाड्याला चौक असतो. राउटर कोपऱ्यातल्या फडताळातून काढून चौकाकडे तोंड असलेल्या सोप्यात उंचावर ठेवला, तर तरंग भिंतीऐवजी दारं-खिडक्यांतून फिरतात.

एवढ्याने भागलं नाही तर वायर. भिंत फोडायची गरज नसते, केबल टीव्हीसाठी पाडलेलं भोक बहुधा असतंच, आणि तुळईच्या कडेने गेलेली वायर दिसतही नाही. वायर अगदीच अशक्य असेल तर वेगळ्या रेडिओचा मेश. मागच्या खोलीत फक्त बातम्या आणि व्हॉट्सअॅप बघायचं असेल तर रिपीटरही पुरतो, उगाच खर्च करू नका.

वस्तीवर राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा विहिरीवरच्या कॅमेऱ्यापर्यंत उघड्यावरून तांब्याची वायर नेऊ नका. एक तर इथरनेटची मर्यादा शंभर मीटर, आणि जवळपास वीज पडली तर दोन्हीकडची यंत्रं जातात. तिथे आत धातूची तार नसलेली फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर.

थोडक्यात काय, दुकानदाराला "रेंज किती?" असं विचारण्यापेक्षा "मधला डबा ऐकतो कुठून आणि बोलतो कुठून?" हे विचारा. दोन्हींचं उत्तर एकच आलं, तर किंमत बघून खाली ठेवा आणि हार्डवेअरच्या दुकानातून वीस मीटर केबल घ्या.